गज थरथरतो तेव्हा: कलाकारांसाठीच्या क्रीडा मानसशास्त्र प्रशिक्षणाचे परीक्षण

व्हायोलिनवर संथ, लांब स्वर धरणे हे जलद ताना वाजवण्यापेक्षा अवघड असते, हे वाद्याशी संबंध नसलेल्याला चटकन पटत नाही. द्रुत लयीत हाताचा बारीक कंप हालचालीतच विरून जातो. पण गज, म्हणजे व्हायोलिन वाजवण्याची काठी, तारेवरून सावकाश ओढायचा असतो तेव्हा मनगटातली किंचितशी थरथरही स्वरात उतरते आणि ती शेवटच्या रांगेत बसलेल्या श्रोत्यालाही कळते. गेली कित्येक वर्षे माझ्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात या थरथरीने होत आली आहे. एकटी वाजवताना, तालमीत किंवा विद्यार्थ्यांसमोर हात अगदी स्थिर असतो, आणि पडदा सरकला की पहिली दहा मिनिटे मी कशीबशी निभावून नेत असते. रियाजाचे तास वाढवून पाहिले, ध्यानाचे वर्ग केले, कार्यक्रमाआधी दिवसभर मौन पाळून पाहिले. यांपैकी कशानेही पहिला स्वर सुधारला नाही. खेळाडूंच्या मानसिक तयारीच्या पद्धती कलाकारांना शिकवणाऱ्या एका दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाविषयी समजले, तेव्हा फारशी आशा न बाळगता, पण पूर्ण गांभीर्याने मी नाव नोंदवले.

या सेवेचे नाव मी येथे देत नाही. तिच्या काही उणिवांबद्दल मला मोकळेपणाने लिहायचे आहे, आणि याच धर्तीचे प्रशिक्षण आता बरेच जण देऊ लागले असल्यामुळे त्यात नेमके काय असते आणि काय असायला हवे, हे कळणे वाचकाला नावापेक्षा अधिक उपयोगी ठरेल. प्रशिक्षण ऑनलाइन होते. दर आठवड्याला मार्गदर्शकांशी पन्नास मिनिटांची स्वतंत्र भेट, आठवड्याआड सहा जणांच्या गटाची बैठक आणि रोज दहा मिनिटे वहीत नोंदी, असे त्याचे स्वरूप होते. गटात दोन गायक, एक अभिनेता, एक नर्तिका, एक पियानोवादक आणि मी असे सहा जण होतो. मार्गदर्शक बाई पेशाने क्रीडा मानसशास्त्रज्ञ असून त्यांनी बरीच वर्षे जलतरणपटू आणि नेमबाजांबरोबर काम केलेले होते. रंगमंचाशी त्यांचा संबंध मात्र अलीकडचा होता, आणि या दोन्ही गोष्टींचा परिणाम पुढे जागोजागी जाणवत राहिला.

पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी एकही उपाय सांगितला नाही. माझी आजवरची तीन सादरीकरणे आठवायला सांगितली, एक सर्वांत चांगले, एक सर्वांत वाईट आणि एक सर्वसाधारण. आणि त्या प्रत्येकाच्या आधीच्या अर्ध्या तासात अंगात किती ताण होता, हे शून्य ते दहा या मापावर लिहायला लावले. माझी समजूत अशी होती की उत्तम वाजले त्या दिवशी मी शांत असणार. वही तसे सांगेना. सर्वांत चांगल्या कार्यक्रमाआधी ताण सहाच्या आसपास होता, सर्वांत वाईट कार्यक्रमाआधी नऊ, आणि जो कार्यक्रम कुणाच्याच लक्षात राहिला नाही त्याच्याआधी जेमतेम तीन. माणूस फार ढिला असला किंवा फार ताणलेला असला तरी काम बिघडते, हा विचार येर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांपर्यंत मागे नेला जातो. परंतु तो सर्वांना एकाच मापाने लावणे चुकीचे आहे, असे युरी हानिन यांनी खेळाडूंचा अभ्यास करून दाखवले. त्यांच्या मते प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा असा एक पट्टा असतो. कुणी ताण अगदी कमी असताना उत्तम खेळतो, तर कुणाला तो बराच चढलेला लागतो. गटातला अभिनेता आठच्या खाली आला की त्याचे संवाद निर्जीव होत, आणि नर्तिकेला चार पुरेसे होते. आमच्या आकड्यांत इतका फरक असताना आजवर आम्हा सर्वांना एकच सल्ला मिळत आला होता, तो म्हणजे शांत राहा.

याच टप्प्यावर मार्गदर्शकांनी आणखी एक भेद शिकवला, जो मला या संपूर्ण प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा वाटतो. रेनर मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंच्या स्पर्धापूर्व चिंतेचे दोन भाग वेगळे मोजले: एक मनात चालणारा काळजीचा भाग आणि दुसरा शरीरात दिसणारा, म्हणजे धडधड, घाम, कंप, पोटात येणारा गोळा. दोन्ही एकत्र येतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो, पण दोहोंवरचे इलाज निराळे आहेत. माझ्या नोंदींत कार्यक्रमाआधी मन बऱ्यापैकी स्वस्थ आणि शरीर मात्र उधाणलेले असे चित्र पुन्हापुन्हा दिसत होते; काळजी सुरू होत असे ती हात थरथरल्यानंतर, त्या थरथरीचा अर्थ लावताना. गटातल्या एका गायिकेचे नेमके उलट होते. तिचा आवाज आणि श्वास शेवटपर्यंत ठीक असत, पण आठवडाभर आधीपासून तिच्या डोक्यात संभाव्य चुकांची यादी फिरत राही. ध्यानाच्या वर्गात मी वर्षभर मनावर काम केले आणि माझे दुखणे शरीरात होते, हे समजायला मला एवढी वर्षे लागावीत याचे मला खरोखर वाईट वाटले.

शांत राहण्याच्या सल्ल्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. २०१४ मध्ये अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात लोकांना अनोळखी व्यक्तीसमोर कॅरिओकेवर गायला लावले होते, आणि सूर, ताल व आवाजाची पातळी यांचे गुण यंत्राने दिले होते. गाण्याआधी ज्यांनी ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे मोठ्याने म्हटले ते ‘मी घाबरलो आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले गायले. भीती आणि उत्साह या दोन्ही अवस्थांत हृदय वेगाने चालत असल्यामुळे एकीकडून दुसरीकडे जाणे सोपे असते, तर उधाणलेल्या शरीराला काही मिनिटांत निवांतपणाकडे ओढणे फार कठीण असते, असा त्यामागचा विचार आहे. मी हे करून पाहिले. पहिले काही दिवस ते वाक्य खोटे वाटले, पण धडधडीशी भांडण्यात आपली शक्ती जात नाही, एवढा फायदा लगेच दिसला.

तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्यक्ष तंत्रे सुरू झाली. त्यांतले पहिले म्हणजे मन आणि शरीर एका बिंदूवर आणण्याची कृती, जिला मार्गदर्शक सेंटरिंग म्हणत. रॉबर्ट निडेफर यांनी १९७० च्या दशकात खेळाडूंसाठी ती बांधली, आणि पुढे डॉन ग्रीन यांच्यासारख्या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी तिला वादकांच्या जगात आणले. कृती दिसायला साधी आहे. आपल्याला नेमके काय करायचे आहे ते एका वाक्यात ठरवायचे, डोळ्यांच्या पातळीच्या खाली एक जागा निवडून नजर तिथे टेकवायची, श्वास सोडताना खांदे, जबडा, मान आणि हात क्रमाने तपासून सैल करायचे, बेंबीच्या खाली जिथे शरीराचा तोल असतो तिथे लक्ष न्यायचे, आणि मग पहिल्या हालचालीचे वर्णन करणारा एकच शब्द मनात म्हणून सुरुवात करायची. सुरुवातीला या सगळ्याला मला दोन-तीन मिनिटे लागत. रोज सात वेळा, आणि तेही घबराट नसताना, सराव करायचा असा आग्रह होता. सहाव्या आठवड्यापर्यंत तेच पंधरा सेकंदांत होऊ लागले. रंगमंचावर वाद्य लावून झाल्यावर आणि पहिला स्वर छेडण्याआधी तेवढा वेळ कुणालाही मिळतो. ध्यानाच्या वर्गातही श्वास शिकवला होताच, मात्र तिथे वीस मिनिटांची बैठक होती आणि ती संपल्यावर काय करायचे ते कुणी सांगितले नव्हते. इथे शेवटची पायरी थेट गजाच्या हालचालीला जोडलेली होती.

या सेवेचा गाभा मात्र दडपणाखालच्या सरावात आहे, आणि तिचे मोल ठरवायचे तर याच भागावरून ठरवायला हवे. मार्गदर्शकांचे म्हणणे सरळ होते. नेमबाज सरावात लाखो नेम धरतो, पण अंतिम फेरीच्या परिस्थितीतले नेम वर्षातून मोजकेच असतात. म्हणून शहाणा प्रशिक्षक ती परिस्थिती सरावात मुद्दाम तयार करतो. कलाकार हे जवळपास कधीच करत नाही. आम्ही बंद खोलीत, ओळखीच्या खुर्चीवर, चुकले की थांबून पुन्हा वाजवण्याची पूर्ण मुभा ठेवून हजारो तास घालवतो आणि मग ज्या एका कौशल्याचा कधीच सराव केला नाही, म्हणजे एकाच प्रयत्नात, अनोळखी जागी, लोकांदेखत सुरुवात करणे, त्याची परीक्षा थेट कार्यक्रमात देतो. रियाज करूनही हात थरथरतो याची मला इतकी वर्षे लाज वाटत होती. त्या थरथरीवर मी एक तासही रियाज केलेला नव्हता, हे मला या बैठकीत कळले.

प्रयोग टप्प्याटप्प्याने वाढवले होते. पहिल्या टप्प्यात जिना भराभर चढून यायचे आणि दम लागलेला असतानाच बसून पहिला लांब स्वर धरायचा. हृदय धावत असताना गज कसा वागतो, हे मी प्रथमच निवांतपणे पाहिले. भीतीत त्वचेकडचा रक्तप्रवाह कमी होऊन बोटे गार पडतात आणि जिना चढल्यावर ती उलट गरम होतात, ही विसंगती पियानोवादकाने दाखवून दिली. मग तो हात थंड पाण्यात बुडवून सराव करू लागला आणि दोन दिवसांनी मीही. दुसऱ्या टप्प्यात ठरलेल्या चार तासांच्या पट्ट्यात कोणत्याही क्षणी निरोप येई आणि पाच मिनिटांच्या आत कार्यक्रमाची पहिली दोन मिनिटे एकदाच वाजवून, ध्वनिमुद्रित करून, जशी झाली तशी गटाला पाठवावी लागे. दुसरा प्रयत्न करायचा नाही, क्षमा मागणारे वाक्य जोडायचे नाही. पहिल्या आठवड्यात हा निरोप यायची वाट पाहण्यातच मला कार्यक्रमासारखी धडधड होई, आणि तेच तर हवे होते. तिसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष श्रोते आले: आधी एक, मग हातात कागद घेऊन टिपणे काढणारे तिघे, आणि शेवटी ज्यांच्या मताला मी घाबरते असे एक ज्येष्ठ वादक. त्या दिवशी गज थरथरला. पण थरथरल्यावर काय करायचे याची तालीम झालेली होती, म्हणजे गजाचा वेग किंचित वाढवायचा, दाब तर्जनीवरून काढून हाताच्या वजनावर सोडायचा आणि श्वास सोडायचा. आणि चौथ्या स्वरापर्यंत हात माझ्याकडे परत आला होता.

या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे, हेही सांगायला हवे. राऊल ऑडेयान्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१० मध्ये डार्ट फेकण्यावर केलेल्या प्रयोगात, सौम्य चिंतेच्या अवस्थेत सराव केलेले लोक पुढे जास्त चिंतेच्या अवस्थेतही टिकून राहिले, तर निवांत वातावरणात सराव केलेल्यांची कामगिरी ढासळली. यातला सौम्य हा शब्द फार महत्त्वाचा आहे. सरावातले दडपण प्रत्यक्ष कार्यक्रमाइतके असावे लागत नाही. ते थोडे असले तरी चालते, आणि ते सोसवेल एवढेच असायला हवे. आमच्या मार्गदर्शकांनी ही पायरी काळजीपूर्वक सांभाळली. गायिकेला तिसरा टप्पा झेपत नाही असे दिसताच त्यांनी तिला मागे आणले आणि तिच्या काळजीच्या यादीवर वेगळे काम केले. दडपणाचा सराव या नावाखाली विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर उभे करून त्याचे वाभाडे काढणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्याने कुणी कणखर झालेले मला आठवत नाही.

अवधान कुठे ठेवायचे, या विषयावरचे दोन आठवडे मला सर्वांत अधिक विचारात पाडणारे होते. सायन बीलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या प्रयोगांतून मांडलेला निष्कर्ष असा की, दडपणाखाली निष्णात माणूस आपोआप होणाऱ्या हालचालींवर जाणीवपूर्वक लक्ष ठेवू लागतो आणि त्यामुळेच त्या हालचाली मोडतात. रिचर्ड मास्टर्स यांनी त्याआधी, १९९२ मध्ये, असेच काही दाखवले होते: नियम पाठ करून शिकलेले लोक ताणाखाली अधिक ढासळतात, कारण ऐन वेळी ते नियम आठवत बसतात. माझे नेमके हेच होत असे. हात थरथरला की मी मनगट, अंगठा, कोपर यांची तपासणी सुरू करी, म्हणजे विद्यार्थ्यांना शिकवताना जे बोलते तेच स्वतःला ऐकवू लागे. त्यावर गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनाचा आधार घेऊन मार्गदर्शकांनी सांगितले की, लक्ष हाताच्या हालचालीवर न ठेवता तिच्या परिणामावर ठेवा. मी मनगट सोडून तारेतून निघणाऱ्या स्वराच्या टोकाकडे, तो सभागृहाच्या मागच्या भिंतीपाशी कसा पोहोचतो याकडे कान लावू लागले. माझा संकेतशब्द होता ‘लांब’. एवढ्या साध्या शब्दाने गजाची चाल बदलते, हे मी स्वतः अनुभवले नसते तर लिहिले नसते.

येथेच मला पहिली मोठी त्रुटी दिसली. खेळाडूंना शिकवतात त्याप्रमाणे आम्हालाही प्रेक्षक हा व्यत्यय आहे असे गृहीत धरून त्याला मनातून बाहेर काढण्याचे व्यायाम दिले गेले. दोन गुणांनी मागे असलेल्या टेनिसपटूला गर्दीचा आवाज ऐकू न येणे हिताचे असेल. पण ज्याच्यासाठी मी वाजवते आहे तो श्रोता मला जाणवेनासा झाला, तर वादन बिनचूक होईल आणि निष्प्राण होईल. अभिनेत्याने हा मुद्दा माझ्याहून जोरात मांडला, कारण विनोदी संवादानंतर प्रेक्षक किती वेळ हसतात यावर त्याचे पुढचे वाक्य कधी यायचे ते ठरते. मार्गदर्शकांनी आक्षेप मनापासून ऐकून घेतला आणि पुढच्या बैठकीत व्यायाम बदलला: प्रेक्षकांतला परीक्षक बाहेर ठेवायचा, ऐकणारा आत घ्यायचा. त्यांचे हे मोठेपण मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, कलाकारांसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणात हा भेद पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

क्रीडाक्षेत्रातून उचललेली उदाहरणेही काही ठिकाणी तशीच्या तशी ठेवली होती. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत शेवटच्या नेमाआधी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते, आणि मग बिंद्राने १०.८ तर हॅकिनेनने ९.७ गुण घेतले, हे उदाहरण आम्हाला प्रत्येक नेम स्वतंत्र मानायला शिकवण्यासाठी दिले गेले. ऐकताना अंगावर रोमांच आले, पण त्यातून काढलेला धडा संगीताला अर्धाच लागू होतो. नेमबाज मागचा नेम विसरू शकतो, नव्हे त्याने तो विसरायलाच हवा. माझा पुढचा स्वर मागच्या स्वराच्या पोटातून येतो. मागची चूक सोडून द्यायची आणि मागचा भाव मात्र धरून ठेवायचा, अशी दुहेरी कसरत वादकाला करावी लागते. तिचे तंत्र आम्हाला कुणी शिकवले नाही, आमचे आम्हीच चर्चेतून थोडेफार शोधले. ध्येये लिहिण्याच्या तक्त्यातही निकाल, क्रमांक, प्रतिस्पर्धी असे रकाने होते. नर्तिकेने तो तक्ता कोरा परत दिला, आणि मला तिचे वागणे योग्य वाटले.

मनातल्या तालमीचा भाग चांगला होता, पण त्यावर फार लिहिण्याजोगे नाही. पॉल होम्स आणि डेव्ह कॉलिन्स यांच्या २००१ च्या आराखड्यानुसार डोळे मिटून आडवे पडण्याऐवजी वाद्य हातात घेऊन, कार्यक्रमाचे कपडे घालून, प्रत्यक्ष लागेल तेवढ्याच वेळात आणि मनातल्या भावनेसकट तालीम करायची, एवढाच त्याचा सारांश आहे. मी रिकाम्या सभागृहाचे छायाचित्र समोर ठेवून हे केले.

कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या आठवड्याविषयी मार्गदर्शकांनी जे सांगितले त्याने मात्र माझी जुनी सवय मोडली. मोठ्या शर्यतीआधी जलतरणपटूंचे सरावाचे ओझे हळूहळू कमी केले जाते. वेग आणि तीव्रता टिकवायची आणि पल्ला घटवायचा. आम्ही नेमके उलट करतो. कार्यक्रम जवळ येईल तसा रियाज वाढतो, आदल्या दिवशी तो कळसाला पोहोचतो आणि रंगमंचावर आपण थकलेले स्नायू व शिणलेले कान घेऊन जातो. शेवटच्या पाच दिवसांत मी रियाज निम्म्यावर आणला, त्यात फक्त सुरुवाती आणि अवघड जागा पूर्ण गांभीर्याने वाजवल्या, आणि आदल्या संध्याकाळी वाद्य पेटीत ठेवले. अपराधी वाटत राहिले, हे खरे आहे. मनगट मात्र ताजे होते.

आता काही व्यावहारिक उणिवा. व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट दाबण्याची सोय असते आणि ती एकसंध लांब स्वराला पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाटच समजते. परिणामी पहिले तीन आठवडे माझा स्वर पलीकडे मध्येच गडप होत होता, आणि ज्या थरथरीसाठी मी आले होते ती मार्गदर्शकांना ऐकूच येत नव्हती. ती सोय बंद करून मूळ आवाज पाठवण्याची तजवीज करता येते, हे शेवटी पियानोवादकाने सांगितले. सेवा देणाऱ्यांनी ते पहिल्याच पत्रात कळवायला हवे होते. समूहात वाजवणाऱ्यांच्या प्रश्नांना जवळपास स्थानच नव्हते. सोबतच्या वादकाचा ताण आपल्यापर्यंत कसा पोहोचतो, त्याची लय घसरली तर स्वतःला कसे सावरायचे, यावर अवघी पंधरा मिनिटे मिळाली. स्वतंत्र भेटींचा दर्जा उत्तम होता, गटाच्या बैठका मात्र विस्कळीत होत, आणि सहा जणांत वेळेची वाटणी दर वेळी बोलक्यांच्या बाजूने झुकत असे.

औषधांचा विषय त्यांनी टाळला नाही, हे मला आवडले. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर वर्गातली औषधे अ‍ॅड्रिनलिनचा हृदयावरचा आणि स्नायूंवरचा परिणाम रोखतात, त्यामुळे धडधड आणि हातांचा कंप कमी होतो. नेमबाजीत त्यांवर बंदी आहे. त्याच बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग सू या पिस्तूल नेमबाजाची दोन पदके याच औषधामुळे काढून घेतली गेली. मैफलीत अशी बंदी नाही. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांच्या १९८७ मधील पाहणीत २,२१२ वादकांपैकी २७ टक्क्यांनी ही औषधे वापरल्याचे सांगितले होते. मार्गदर्शकांनी कोणालाही नावे ठेवली नाहीत. दमा असलेल्यांना ही औषधे धोक्याची ठरू शकतात, ती मनातली काळजी हटवत नाहीत, आणि सहकाऱ्याच्या डबीतली गोळी डॉक्टरांना न विचारता घेणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे, एवढे त्यांनी ठामपणे सांगितले. ज्या कलाकाराची भीती रंगमंचापुरती न राहता झोप, नातेसंबंध आणि रोजचे जगणे व्यापू लागली आहे, त्याने अशा प्रशिक्षणावर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, हेही त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. असे स्पष्ट न करणाऱ्या सेवेकडे मी कुणालाही पाठवणार नाही.

ज्यांना कला सादर करायला आवडते, ज्यांची तयारी पक्की आहे आणि तरीही ऐन वेळी हात, आवाज किंवा स्मरण दगा देते, त्यांना या प्रशिक्षणाचा सर्वाधिक उपयोग होईल. ज्यांचा रियाजच कच्चा आहे त्यांना होणार नाही. आमच्या गटातल्या दुसऱ्या गायकाला हे सहाव्या आठवड्यात उमगले आणि त्याने प्रामाणिकपणे प्रशिक्षण सोडून रियाज हाती घेतला. नाव नोंदवण्याआधी मार्गदर्शकांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: त्यांनी आमच्यासारख्यांचे सादरीकरण प्रत्यक्ष सभागृहात बसून कधी पाहिले आहे का, आणि दहा आठवड्यांत नुसत्या बोलण्यापलीकडे किती वेळा कुणासमोर तरी सादर करायला लावणार आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन-तीन वेळा असे आले, तर ते प्रशिक्षण माझ्या मते अपुरे आहे. माझ्या नोंदवहीप्रमाणे आमच्याकडून ते एकतीस वेळा झाले, आणि जो काही बदल झाला तो त्या एकतीस वेळांमुळे झाला.

प्रशिक्षण संपल्यानंतर माझे दोन कार्यक्रम झाले. पहिल्यात ताण आठ होता, गज पहिल्या स्वरावर थरथरला आणि दुसऱ्या मिनिटाच्या आत स्थिर झाला. पूर्वी त्याला दहा मिनिटे लागत. दुसऱ्याच्या आधी वहीत सात हा आकडा लिहिला. वाद्य लावून झाले, नजर समोरच्या पायरीवर टेकवली, श्वास सोडला, आणि ‘लांब’ हा शब्द मनात म्हणून गज तारेवर ठेवला. थरथर होती, पण इतकी बारीक की ती फक्त मला कळली. ध्वनिमुद्रणात मी तो स्वर चार वेळा ऐकला आणि चारही वेळा मला ती सापडली नाही. पुढचा कार्यक्रम दोन महिन्यांनी आहे. निरोप आल्यावर पाच मिनिटांत वाजवून पाठवण्याचा नेम आम्ही गटातल्या चौघांनी मार्गदर्शकांविना चालू ठेवला आहे, आणि आज निरोप पाठवण्याची पाळी माझी आहे.